सुनेसाठी राखलेला मासा

दवाखान्यातल्या बाकावर आम्ही पाचजणी बसलो होतो, पाचहीजणी गरोदर. माझ्या शेजारच्या मुलीच्या हातात रक्ताचा रिपोर्ट होता. पलीकडे तिची सासू.

"आई, रक्तात पारा जास्त आलाय."

"पारा? तो थर्मामीटरात असतो. तुझ्यात कुठून शिरला?"

"माशातून. मोठा मासा लहान मासे खातो, त्यांच्यातला पारा त्याच्यात साठत जातो, असं डॉक्टर म्हणाल्या."

"काहीतरीच! आपला मासा भर समुद्रातला आहे, गटारातला नाही."

"समुद्रभर फिरतो, म्हणून तर सगळीकडचा पारा घेऊन येतो."

"अगं, जाळ्यात सगळ्यात मोठा येईल तो तुझे सासरे तुझ्यासाठी राखून ठेवतात. आम्ही आपले बारीकसारीक खातो."

"मी कुठे नावं ठेवतेय? पण बाळाला..."

"बाळाला काय?"

"मेंदूला त्रास होऊ शकतो म्हणे."

"अगं बाई! फोन लाव त्यांना आधी. बोट येतच असेल. म्हणावं, मोठा मासा घरी आणू नका."

"मग त्याचं काय करायचं?"

"करायचं काय? बाजारात विकायचा."

"कोणाला, आई?"

"हळू बोल जरा."