अमेरिकेचा अध्यक्ष पायरीच्या पाया पडत नसतो

आन् वरून मलाच म्हणत्यात, "काका, अमेरिकेचा अध्यक्ष पायरीच्या पाया पडत नसतो!" आता तुम्हीच सांगा, मला कसं ठावं असणार? मी वाळूजच्या कंपनीत सव्वीस वर्षं प्रेस मशीन चालवणारा माणूस, नाव सूर्यभान, शिक्षण सातवी, मी काय अध्यक्षाच्या मांडीला मांडी लावून बसलोय व्हय? स्टेज दिसलं, पायरी दिसली, वाकलो, हात लावला, कपाळाला नेला... झालं! कट! कट! कट!

थांबा, तुम्ही म्हणाल, हा बाबा अध्यक्ष झालाच कसा? तुम्हाला सांगतो. मला कोड हाय. बघा की, लाजू नका, नीट बघा! चाळिशीत बोटाच्या टोकाला एक ठिपका आला आन् पन्नाशीपर्यंत सगळा माणूस पांढरा झाला. डॉक्टर म्हणले, "काय नाय, कुणाला लागत नाय, फक्त रंग जातो." रंग गेला तर गेला हो, पण रंगासंगं माणसंबी गेली ना! लांबूनच राम राम. हातात हात द्यायचं नाव नाय. कंपनीत चहाचा पेला येगळा झाला... कुणी केला नाय, आपोआप झाला.

त्याचंबी मला काय वाटत नव्हतं. पण लेक लग्नाची झाली, श्रेया, बँकेत हाय. खुलताबादकडचे तात्यासाहेब त्यांच्या सुदर्शनला घेऊन तिला बघायला आले. आमची मंडळी, सत्यभामा, मला सकाळीच म्हणती, "तुम्ही आज शिफ्टला जा ना हो..." सुट्टीच्या दिवशी शिफ्ट! पण लेक आडवी आली, "बाबा हितंच बसतील. समोर." बसलो. पोरगं-पोरगी एकमेकांना पसंत, पोहे झाले, हसणं-बोलणं झालं, आन् तात्यासाहेबांना चहा मी माझ्या हातानं दिला. त्यांनी कप बघितला, माझी बोटं बघितली, कप तसाच खाली ठेवला. "आमचा आज उपास हाय." रविवारी! दोन बश्या पोहे खाऊन उपास! उठले, गेले, पुन्हा फोन नाय. श्रेया म्हणली, "जाऊ द्या बाबा," आन् आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. लई वाईट वाटलं हो मला त्या दिवशी.

मग आला मे महिना आन् नासिरभाई. हा शूटिंगला माणसं पुरवतो. मुंबईवाल्यांची मालिका, मोबाईलवर दिसती तसली, अमेरिकेचा अध्यक्ष लेणी बघायला येतो आन् त्याच्यावर हल्ला होतो. गोरा माणूस पायजे! मेच्या उन्हात कुठला गोरा येतो हो आपल्याकडं? नासिरभाईनं मला टपरीवर बघितलं आन् वरडलाच, "अरे चचा! तुम तो पूरे अमरीका दिखते! बस, सूट पहनो!" बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी माझा रंग बघून जवळ आलं.

श्रेयानं तयारी करून घेतली. मोबाईलवर आठ-दहा अध्यक्ष दाखवले, सगळे नट! काळा अध्यक्ष, म्हातारा अध्यक्ष, एक तर बाई अध्यक्ष. काम सगळ्यांचं एकच... खिडकीतून भायेर बघायचं, सुस्कारा टाकायचा, फोन उचलायचा आन् जग बुडायला आलं की भाषण ठोकायचं. एकबी अध्यक्ष पोटभर जेवताना दिसला नाय! पण त्यातला एकबी पायरीच्या पाया पडला नाय, हे ध्यानात यायला नको व्हय? नाय आलं!

शूटिंग एका मंगल कार्यालयात. त्याला म्हणं दिल्ली! दहा मंत्री रांगेत उभे, त्यांच्याशी हात मिळवत यायचं, पायऱ्या चढायच्या, माईकपुढं तोंड हलवायचं. डायरेक्टर संध्या मॅडम म्हणल्या, "काका, काहीही बोला, इंग्रजी आम्ही नंतर भरतो." ॲक्शन! पहिल्या मंत्र्यानं हात पुढं केला. दोन्ही हातांनी धरला माझा हात! हालवला! हसला! दुसरा, तिसरा... अहो, परक्या माणसाचा ऊन ऊन हात, माझ्या हातात! डोळ्यात पाणीच आलं. आन् आठवा मंत्री कोण? तात्यासाहेब! जाकिटात! पोट बघून नासिरभाईनं मंत्रिमंडळात घेतलेले! सूट आन् मेकअपमधी मला वळखलंच नाय. "वेलकम सर, वेलकम!" करत असा हात दाबला माझा, असा दाबला... आन् त्या नादात पायरी आली. वाकलो.

कट! "काका, अमेरिकेचा अध्यक्ष पायरीच्या पाया पडत नसतो!" सॉरी म्हणलं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा दहा हात, पुन्हा पायरी, पुन्हा वाकलो. कट!

आता खरं सांगतो, भायेर बोलू नका. दोनदा चुकलो ते सवयीनं. तिसऱ्यापासून... मुद्दाम! पायरीच्या पाया पडलं की पुन्हा पहिल्यापासून हात मिळवायचा, कोण सोडंल? नऊ वेळा वाकलो! नऊ वेळा तात्यासाहेब घाम पुसत "वेलकम सर!" मॅडमचा आवाज बसला. मला त्यांचीच दया आली, दहाव्याला सरळ वर चढलो आन् माईकवर कंपनीतली सुरक्षेची शपथ म्हणून टाकली, "मी हातमोजे घातल्याशिवाय मशीनला हात लावणार नाय!" मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या की!

जेवणाच्या सुट्टीत चहाचे दोन कप घेतले, एक तात्यासाहेबांपुढं धरला. "घ्या. आज उपास नाय ना?" माणूस दचकला. माझ्या तोंडाकडं बघितलं, बोटांकडं बघितलं, मग सोताच्या पंजाकडं बघितलं, उलटा करून, सुलटा करून. दहा वेळा मिळवलेला हात! काय झालं होतं त्याला? काय नाय! मग कप घेतला आन् तसला कढत चहा उभ्यानं पिऊन टाकला. "सूर्यभानराव... चुकलं आमचं." असं म्हणायलाबी छाती लागती हो. मी उपकारच मानतो त्या माणसाचे.

तात्यासाहेबांनी पुन्हा मागणी घातली, पण श्रेया काय लगीच हो म्हणली नाय! "आधी सुदर्शननं येऊन बाबांच्या हातचा चहा प्यायचा." पोरगं तीन कप पिऊन गेलं!

मालिका आली. मी किती? दोन सेकंद, तेबी पाठमोरा! पाठमोराच दाखवायचा होता तर तात्यासाहेबबी चालले असते की, पोटासकट! पण कसली तक्रार करता? नासिरभाईचं भलं होवो, मॅडमचं भलं होवो, अमेरिकेचंबी होऊन जाऊ द्या!

आता लग्नाचं ऐका. तात्यासाहेबांचा हट्ट, "व्याही, सुटातच या." गेलो सुटात. नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायला निघालो, स्टेज दिसलं, पायरी दिसली... वाकलो. मागून तात्यासाहेब वरडले, अख्खा मांडव ऐकतोय, "कट! व्याही, अमेरिकेचा अध्यक्ष पायरीच्या पाया पडत नसतो! चला, पहिल्यापासून!" आन् हात पुढं करून उभे! त्यांच्या मागं सगळं वऱ्हाड, रांगेत! तीनला व्हायची पाठवणी साडेपाचला झाली. पंजा अजून ठणकतोय बघा... ठणकू द्या!