सलीमभाईची ओली हळद

माया पिवळ्या हाताची गोष्ट तुमाले सांगितली नसन. त्या साली माया बीटी कपाशीच्या बोंडाबोंडात अळी होती, आन बांधाशेजारच्या सलीमभाईच्या वावरात छातीइतकी हळद. ते पाहूनच मायं डोकं फिरे. चहाच्या टपरीवर मी सांगत सुटलो, "हळद लागते वरणाले चिमूटभर आन नवरदेवाच्या आंगाले. एवढी कोन घेईन? आन वरतं नुसता पाला हाय, खाली काई नाई."

एक दिवस सलीमभाई मेहकरले गेला. मी हळूच त्याचं एक झाड उकरलं. पंजाएवढा गड्डा निघाला. कांडी मोडून पाह्यली, आतून पिवळीधम्मक. मुकाट्यानं माती लोटली.

संध्याकाळी टपरीवर पुन्हा म्हटलं, "खाली काई नाई."

सलीमभाई माया कपाकडं पाहून म्हने, "हात पिवळा काऊन हाय, भाऊ?"

"घरी ओल्या हळदीचं लोणचं घातलं."

"असं का. गावात ओली हळद तं मायाच वावरात हाय."

सकाळी टोपलंभर हळद घरी आली, संगं निरोप, "भाऊले लोणचं आवडते."

बायकोनं बरणी भरली, वर्षभर रोज ताटात वाढलं. लोणचं लय चांगलं झालं होतं, आन मले त्याचाच जास्त राग.