सगळ्यांना माफ करणाऱ्या बाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, दर रविवारी आपल्या दवाखान्याची बाहेरची खोली आम्हाला वापरू देणारे दातांचे डॉक्टरसाहेब. व्यासपीठावरच्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या चष्मेवाल्या बाई. त्यांच्याशेजारी बसलेल्या त्यांच्या थोरल्या ताई. आणि समोर जमलेले आमच्या गटातले सोबती व त्यांना सांभाळून घेणारी घरची मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

बाईंबद्दल चार शब्द बोल, असं मला सांगण्यात आलं. सांगितलं खुद्द बाईंनीच. हे सभागृह त्यांनीच ठरवलं, हार त्यांनीच निवडले. आता स्वतःचा निरोप समारंभ स्वतःच थाटणारं माणूस तुम्ही कधी पाहिलंय का? मी नाही पाहिलं.

माझा धंदाच संशयाचा. मी लिफ्ट तपासतो. लिफ्ट झकास चालते असं कुणी म्हणालं की मी आधी वरची यंत्राची खोली उघडायला लावतो. या गटात पहिल्यांदा आलो तेव्हाही मला वाटलं, हे लोक शेवटी काहीतरी गळ्यात मारणार. मनाच्या चढउतारांचा आजार असलेली माणसं गोल करून बसतात, एकमेकांचं ऐकून घेतात आणि फुकटचा सल्ला देत नाहीत, हे पटतं का तुम्हाला? चहासुद्धा मी शेजारच्यानं प्यायल्यावरच तोंडाला लावला. डॉक्टरसाहेब, हसू नका, तो तुमच्याकडचाच होता.

घरच्या मंडळींसाठी आमची एक पद्धत सांगतो. आमच्यात प्रत्येकाला एक राखणदार असतो. मन ठिकाणावर असताना आपण त्याला आपली खूण सांगून ठेवायची: मी असं वागायला लागलो, की समज गाडी घसरतेय. आणि राखणदारानं ते सगळ्यांसमोर बोलायचं. हा नियम बाईंचा. त्या म्हणाल्या होत्या, "मला एकटीला गाठून सांगाल, तर मी तुम्हाला बोलण्यात गुंडाळून परत पाठवीन."

माझी राखण बाईंकडे होती. माझी खूण अशी, की मनाशी काही वाईट ठरवलं की मी लोकांची उसनी आणलेली हत्यारं परत करत सुटतो. एका रविवारी मी छान दाढी करून आलो, आमच्या गटातल्या सुताराचा पाना त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "मी अगदी मजेत आहे." बाई भर बैठकीत म्हणाल्या, "अजून कुणाकुणाचं काय परत केलंस?" मला इतका राग आला होता! त्याच दिवशी माझ्या धाकट्या भावाला बोलावून त्यांनी मला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. आज मी तुमच्यासमोर उभा आहे तो त्यांच्यामुळे.

आणि बाईंची राखण माझ्याकडे आहे.

त्यांची खूण त्यांच्याच शब्दांत सांगतो: "झोप उडालेली मला कळतच नाही. पण मी सगळ्यांना माफ करायला लागले, की समजा मी चढतेय."

मंडळी, ज्या दिराचं नाव काढलं तरी बाईंचा चेहरा कडू व्हायचा, त्याला त्यांनी परवा घरी जेवायला बोलावलं. चष्म्याच्या दुकानाच्या दारात मुद्दाम स्कूटर लावणाऱ्या शेजाऱ्याला मिठी मारली. तो बिचारा अजून घाबरलेला आहे. दुकान फुंकून टाकलं, आणि उद्या सकाळच्या गाडीनं त्या निघाल्या आहेत दूरच्या गावी, आपल्यासारख्यांसाठी आश्रयघर काढायला. तिथे ओळखीचं कोण? कुणी नाही.

मी दोनदा एकट्यानं बोलायला गेलो. दोन्ही वेळा त्यांचं सामान स्टेशनवर पोचवायचं कबूल करून आलो!

मला माहीत आहे, आपल्यापैकी कुणी जरा मोठ्यानं हसलं की घरचे गोळ्यांच्या डबीकडे बघतात. किती जीव जळतो तेव्हा! आपण नुसतं खूश व्हायचंच नाही का? दुसऱ्याच्या खुशीवर संशय घ्यायचं हे पाप आज माझ्याच माथी येतंय. रात्रभर ते मला खात होतं.

पण बाई, माझा संशय जात नाही. उद्या जाऊ नका. आधी आपल्या डॉक्टरांना भेटा, चार रात्री झोपा.

हसून वेळ मारून नेऊ नका, बाई. बघा, सगळे तुमच्याबरोबर हसले, पण थोरल्या ताई हसल्या नाहीत. ताई, बोला ना... मंडळी, मागे ऐकू गेलं नसेल, ताई म्हणतायत, "ती रात्रभर भांडी लावत असते. इतक्या वर्षांनी गाणं म्हणत होती, म्हणून मी गप्प बसले."

काय म्हणालात, बाई? बाई विचारतायत, "आणि मला खरंच नुसता आनंद झाला असेल तर?"

तर तो पुढच्या महिन्यातही टिकेल. मी स्वतः तुम्हाला गाडीत बसवून देईन आणि आयुष्यभर तुमची बोलणी खाईन.

तिकीट ताईंच्या हातात द्या. द्या, बाई.

...आभारी आहे.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. भरल्या सभेत नको ते बोललो असेन, तर सर्वांनी उदार मनानं मला क्षमा करावी.

बाई, तुम्ही सोडून. तुम्ही एवढ्यात मला माफ करू नका. चांगल्या रागवा. तेवढाच माझ्या जिवाला धीर येईल.