माशी की दुर्बीण

दत्तप्रसाद : अडीच किलोचा डबा माझ्या काट्यावर सव्वातीन भरतो. दोनदा टांगला, दोन्ही वेळा सव्वातीन. शत्र्या, इकडे बघ. कुवेतची दूध पावडर जास्त जड असते का?

शत्रुघ्न : काटो बिघडलो असात, दादा.

दत्तप्रसाद : काटा बिघडला! आत्ता याच काट्यावर तुझ्या दोन चादरी, बदाम, साबणाच्या वड्या, अण्णांची चप्पल, सगळं मोजलं. सगळं बरोबर भरलं. एकट्या डब्यालाच काय धाड भरली? थांब, झाकण काढतो.

शत्रुघ्न : नको! पॅकिंग फुटात. द्वारका रागावतली.

दत्तप्रसाद : पॅकिंग आधीच फुटलंय. हा चांदीचा कागद कोणीतरी गोंदाने चिकटवलाय. आणि आत... हे काय आहे रे?

शत्रुघ्न : झाकण लाव, दादा.

दत्तप्रसाद : मी विचारतोय, हे काय आहे?

शत्रुघ्न : दुर्बीण.

दत्तप्रसाद : कसली? पाखरं बघायची?

शत्रुघ्न : बंदुकीची.

दत्तप्रसाद : बंदुकीची! माझ्या बॅगेत! उद्या एअरपोर्टवर त्या स्क्रीनवर हे नळकांडं दिसलं असतं, पोलिसाने बाजूला घेतलं असतं, तर मी काय सांगणार होतो? 'साहेब, मला काही माहीत नाही, माझ्या चुलतभावाने दुधात घातलंय'? बावीस वर्षं झाली मला या देशात. बावीस वर्षांत रस्ता चुकीचा ओलांडल्याचा दंड नाही माझ्या नावावर!

शत्रुघ्न : मी सांगणारच होतंय.

दत्तप्रसाद : कधी? मला बेड्या पडल्यावर? गावाला जाणाऱ्याच्या हातात सामान देताना आत काय आहे ते तोंडाने सांगायचं, हा एकच नियम आहे आपल्या लोकांत. या फिंतासच्या खोल्यांतून लोक बायकोसाठी सोनं देतात, आईसाठी औषधं देतात. पण सांगून देतात!

शत्रुघ्न : सांगलंय असता तर तू 'नाय' म्हटलं असतंस.

दत्तप्रसाद : म्हटलंच असतं! कुठून उचललीस?

शत्रुघ्न : उचलूक नाय, इकत घेतलंय. जुम्म्याच्या बाजारात. वाळवंटात तंबू ठोकणारे कुवेती जुनो माल इकतत थंय. एकदम चांगली आसा, दादा. आणि बसवायचो क्लॅम्प मी स्वतः बनवलंय, अण्णांच्या बंदुकीच्या नळयेच्या मापाचो.

दत्तप्रसाद : कुठे बनवलास?

शत्रुघ्न : वर्कशॉपात.

दत्तप्रसाद : कंपनीच्या लेथवर बंदुकीचा पार्ट! शाबास! मुदीरला, आपल्या मॅनेजरला, कळलं असतं तर माझ्याआधी तू गावाला पोचला असतास. कायमचा.

शत्रुघ्न : कोणाक कळूक नाय. सगळे पायपाचो क्लॅम्प समाजले.

दत्तप्रसाद : आणि अण्णांना दुर्बीण कशाला रे? तुझ्याच बापाने मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या दोघांना काजूच्या बागेत उभं केलं होतं. नळीच्या टोकावरचा तो पितळेचा मणी दाखवला होता. ही माशी. माशी जनावरावर ठेवायची आणि दोन्ही डोळे उघडे. माझा एक डोळा मिटला की मागून टपली बसायची. 'एक डोळो मिटणारो एक दिवस माणूस मारता,' हे त्यांचं वाक्य. त्या माणसाला तू दुर्बीण पाठवतोस?

शत्रुघ्न : तेंका दिसत होता तेव्हाची गोष्ट ती. आता एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचा पाणी थांबना नाय. ताटातलो माशाचो काटो तेंका दिसना नाय, नळयेवरची माशी काय दिसतली?

दत्तप्रसाद : मग ज्याला दिसत नाही त्याच्या हातात... थांब. थांब जरा. अण्णांना दिसत नाही?

शत्रुघ्न : नाय.

दत्तप्रसाद : मग बंदूक कोण चालवतं?

शत्रुघ्न : तू पयली बॅग भर, दादा.

दत्तप्रसाद : गेल्या महिन्यात तूच मला म्हणालास, यंदा डुकरांनी भाताला तोंड लावलं नाही, राखण चांगली आहे. राखण कोण करतं, शत्र्या?

शत्रुघ्न : द्वारका.

दत्तप्रसाद : तुझी बायको? बंदूक घेऊन?

शत्रुघ्न : मगे काय लाटणा घेवन?

दत्तप्रसाद : लायसन अण्णांच्या नावावर आहे! तिच्या हातात बंदूक बघितली कोणी, तर ती आत, अण्णा आत, बंदूक जप्त. हे कळतं का तुला? आणि वर तू तिला दुर्बीण पाठवतोस. आगीतून उठवून फुफाट्यात!

शत्रुघ्न : तर काय करूचा? तूच सांग! गावकरांच्या सुयशची मांडी फाडल्यान डुकरान गेल्या दिवाळीत. तेच्याकडे बॅटरी होती, दांडो होतो, बापयमाणूस होतो. अजून लंगडता. आमची बंदूक एका नळयेची. बार चुकलो तर दुसरा काडतूस भरीपर्यंत डुकर अंगार. बाईमाणूस बघून थांबतला तो? पयलोच बार लागूक होयो, दादा. म्हणान घेतलंय.

दत्तप्रसाद : माशीने लागत नाही?

शत्रुघ्न : तिन्हीसांजेक? डुकर काळो, भात काळा, पितळेची माशीव तेव्हा काळीच. काळ्यार काळा काय दिसतला? हेच्यातसून बघ, लख्ख दिसता. मी गच्चयेरसून बघलंय. समुद्रातल्या होडयेवरच्या माणसाची मिशी मोजलंय.

दत्तप्रसाद : गच्चीवरून? दिवसाढवळ्या बंदुकीची दुर्बीण डोळ्याला लावून उभा राहिलास? समोरच्या इमारतीत बायामाणसं कपडे वाळत घालतात, गाढवा! एकीने फोन फिरवला असता ना, तर तुझ्याबरोबर या खोलीतले सहाच्या सहा आत गेले असते. आणि बाराचा धक्का बसला की ही काच मागे येऊन तिची भुवई फोडेल, ते तुझ्या त्या बाजारवाल्याने सांगितलं नाही वाटतं? कुवेतात बसून उंटावरून शेळ्या हाकतोस तू!

शत्रुघ्न : हाकतंय! आणि तू रे? तू काय हाकतंस? विशाखा वहिनी भांडुपात लिफ्टीन वर जातत. काकी गावाक एकटी. खालचो मळो तुझो ना? तो कोण राखता?

दत्तप्रसाद : तो... गडी ठेवलाय ना आईने.

शत्रुघ्न : गडी श्रावणातच पळालो. दोनी मळे माझी बायल राखता. तुझ्या आवशीचा भात माझी बायल राखता, अण्णांची बंदूक मांडयेर घेवन, आणि तू हंय बसान माका लायसन शिकवतंस!

दत्तप्रसाद : मला कोणी सांगितलं नाही हे.

शत्रुघ्न : तू इचारलंस खंय? पैसे धाडलंस, जाकीट धाडलंस, झाला.

दत्तप्रसाद : तोंड सांभाळ, शत्र्या. तुझा व्हिसा मी काढलाय.

शत्रुघ्न : म्हायत आसा. दर महिन्याक आठवण करून देतंस.

दत्तप्रसाद : फोन लाव.

शत्रुघ्न : कोणाक?

दत्तप्रसाद : द्वारकाला. हे नळकांडं तिने मागितलं की तू तिच्या गळ्यात मारतोयस, ते मला तिच्या तोंडून ऐकायचंय.

शत्रुघ्न : तिणां मागूक नाय. ती एवढाच म्हणाली, एक बार चुकलो आणि तेव्हापासून चाप ओढूक भय वाटता.

दत्तप्रसाद : कधी चुकला?

शत्रुघ्न : पंधरा दिवस झाले. मळ्यात कुत्रो होतो. थोडक्यात वाचलो. म्हणान तर मी दुसऱ्याच जुम्म्याक बाजार गाठलंय.

दत्तप्रसाद : लाव फोन!

(फोन लागतो. शत्रुघ्न तो स्पीकरवर करून खाटेवर, उघड्या डब्याशेजारी ठेवतो.)

द्वारका : हां, बोला. जेवलात?

दत्तप्रसाद : द्वारका, मी दत्ता बोलतोय.

द्वारका : भावोजी! परवा पोचतास ना? काकी कालपासून अंगण सारवतत. पाऊस येता, परत सारवतत.

दत्तप्रसाद : सारवू दे. तुझ्या नवऱ्याने तुझ्यासाठी दुधाच्या डब्यात बंदुकीची दुर्बीण लपवली आणि डबा माझ्या बॅगेत घातला.

द्वारका : काय लपवल्यानी?

शत्रुघ्न : अगो, तुका नीट दिसाचा म्हणान...

द्वारका : माका दिसता. दिसना नाय म्हणान कोणी सांगल्यान तुमका?

शत्रुघ्न : तूच सांगलंस मा, बार चुकलो म्हणान.

द्वारका : बार चुकूक नाय. मी चुकवलंय.

शत्रुघ्न : कुत्र्यासाठी?

द्वारका : कुत्रो नव्हतो.

शत्रुघ्न : तूच म्हणालंस...

द्वारका : मगे काय सांगूचा होता तुमका फोनार? तुमी थंय उंच परांचीर चढान काम करतास. मनात ता घेवन चढला असतास आणि पाय सरकलो असतो तर? म्हणान कुत्रो म्हटलंय.

दत्तप्रसाद : कोण होतं, द्वारका?

द्वारका : परवा इल्यार सांगतंय, भावोजी.

दत्तप्रसाद : द्वारका, मी विचारतोय.

द्वारका : काकी.

दत्तप्रसाद : माझी आई?

द्वारका : होय. तिन्हीसांज झाली होती, बारीक पाऊस. मी राखणीच्या माळ्यार, माचणार बसलेलंय. तुमच्या मळ्यात भात हलला. काळा, वाकलेला, सरळ माझ्याकडे येता. तुमी धाडलेला ता काळा जाकीट घातल्यानी होता, टोपी डोळ्यापर्यंत ओढून. माका खंय म्हायत? माशी बरोबर मधी ठेवलंय. बोट चापार. अण्णांनी शिकवल्यानी तसे दोनी डोळे उघडे. आणि डाव्या डोळ्याक बाजूक कायतरी चमाकला. तांब्यो. डुकराकडे तांब्यो खंयसून येतलो, भावोजी? नळी वर ओढलंय, तेवढ्यात बार सुटलो. फणसाची फांदी खाली इली.

दत्तप्रसाद : तांब्या.

द्वारका : माझ्यासाठी चाय घेवन येत होत्यो. बांधावरची वाट निसरडी म्हणान भातातसून.

दत्तप्रसाद : मी रोज फोन करतो तिला. रोज! 'बरी आहे' म्हणते. पंधरा दिवस बरी आहे म्हणते!

द्वारका : तेणींच शपथ घातल्यानी. 'दत्ताक सांगू नको, तो तुझ्याशी जन्मात बोलाचो नाय.' चिखलात बसान होत्यो, आणि पयलो शब्द काय, तर 'चाय सांडली गो.'

दत्तप्रसाद : तू माझ्या आईवर बंदूक रोखलीस!

द्वारका : रोखलंय. गाळी घाला. पंधरा दिवस वाट बघतंय कोणीतरी घालीत म्हणान.

शत्रुघ्न : दादा, तिका कायव बोलू नको. बोलाचा ता माका बोल.

दत्तप्रसाद : तुलाच बोलणार आहे! ही बघ तुझी दुर्बीण. धर, लाव डोळ्याला. दुसरा मीट. आता माझ्या डाव्या हातात काय आहे सांग.

शत्रुघ्न : ... दिसना नाय.

दत्तप्रसाद : काय दिसतं?

शत्रुघ्न : तुझो शर्ट. नुसतो शर्ट.

दत्तप्रसाद : त्या दिवशी हे नळीवर असतं तर तिलाही नुसतं काळं जाकीट दिसलं असतं. चांगलं मोठं, लख्ख! तांब्या राहिला असता बाहेर. पंधरा दिवसांपूर्वीच गावाला गेलो असतो मी, अंगण बघायला नाही, आईला अग्नी द्यायला. काढ ते डोळ्यावरून!

शत्रुघ्न : माका ह्या म्हायत नव्हता, दादा. माका फक्त ती वाचाक होयी होती.

द्वारका : दुर्बीण माका नको. थंयच इका, नायतर समुद्रात टाका. आणि भावोजी, बंदूक खाली ठेव म्हणान माका सांगू नका.

दत्तप्रसाद : तेच सांगणार होतो.

द्वारका : सांगा. मगे दोनी मळे राखूक तुमी रवा हंय, परतीचा तिकीट फाडून. रवतास?

दत्तप्रसाद : माझी नोकरी इथे आहे, द्वारका.

द्वारका : नाय ना? मगे ऐका. माका एक वस्तू होयी. तुमी साईटीर घालतास ना, ता पिवळा, चमाकणाऱ्या पट्ट्यांचा? ह्यांच्या फोटोत बघलंय.

शत्रुघ्न : सेफ्टी जाकीट?

द्वारका : ताच. बॅटरी मारली की लांबसून पेटल्यासारख्या दिसता. काकींका घालतलंय. मळ्यात पाय ठेवचो तर ता घालूनच. जुना चलात.

शत्रुघ्न : माझा दितंय. कपाटात कोरा आसा एक.

दत्तप्रसाद : तुझं नको. दोरीवर माझं वाळतंय, ते काढ.

शत्रुघ्न : ता तुझा रोजचा. आणि मागे नाव आसा तुझा.

दत्तप्रसाद : म्हणूनच. काढ म्हटलं ना! आणि दूध त्या डब्यातच राहू दे, नीट बंद कर. ते जाकीट वरच ठेव, चादरीखाली दडपू नको.

द्वारका : काकी घालूच्यो नाय हां. म्हणतीत, माका काय रस्त्यावरची मजूर समाजलंस?

दत्तप्रसाद : घालेल. दत्ताचं आहे म्हणून सांग. फोरमनचं आहे, पाठभर मोठ्या अक्षरांत माझं नाव आहे त्यावर. तिला वाचता येत नाही.

द्वारका : नाय.

दत्तप्रसाद : चापावर बोट ठेवण्याआधी ते नाव शोधायचं. तुला वाचता येतं.

द्वारका : येता, भावोजी.