जनकाबाईचं रेकॉर्डिंग वाजवणारं बटन

नाही साहेब, सही नाही करत मी. तुमी बुलढाण्याहून, जिल्ह्याच्या कॉम्प्युटर ऑफिसातून आले, बसा, पाणी घ्या — पण ‘मेहबूबनं सरकारी कॉम्प्युटरमध्ये व्हायरस टाकला’ या कागदावर मेहबूबच सही करन? हे पाहा, माही रोजची वही. आजचं पान — सतरा नोव्हेंबर दोन हजार चौदा, सोमवार, सकाळी धुई, दहानंतर लख्ख ऊन. अन् हे शुक्रवारचं — ‘अकरा वाजून पाच मिनिटं. बियाणं तक्रार कमिटीच्या बाबूसाहेबानं स्वतःच्या हातानं बटन दाबलं.’ मी तं दारात उभा होतो. लपून काय टाकलं?

काऊन टाकलं? सांगतो न. जनकाबाईले वाचता येत नाही. म्हणून दुकानातलं बोलणं ती मोबाईलमध्ये भरून नेते अन् वावरात धुऱ्यावर बसून पुन्हा ऐकते — औषध किती, पाणी किती. जूनमध्ये तिनं जानरावच्या दुकानात कोरडवाहूचं बीटी कपाशीचं बियाणं मागितलं. ते संपलं होतं. ओलिताचं, विहिरीच्या पाण्यावरचं पाकीट देलं, म्हणे हेच कोरडवाहूचं. पऱ्हाटी वाढली कमरेइतकी, बोंडं झाडाले चार. आता जानराव म्हणते, बाईनंच ओलिताचं मागितलं. पुरावा एकच — रेकॉर्डिंग. अन् ते कमिटीच्या कॉम्प्युटरवर वाजेच ना! जुन्या मोबाईलची फाईल, तिले वेगळा प्लेअर लागते. मी फाईल दुसऱ्या प्रकारात बदलून देली, तं जानराव ओरडला — छेडछाड केली! म्हणजे अस्सलच वाजली पाह्यजे. प्लेअर टाकायले पासवर्ड लागते. पासवर्ड कोणापाशी? तुमच्यापाशी. तीन अर्ज केले साहेब, तारखा वाचू? नको? बरं, राहू द्या.

मग मी त्या प्लेअरचं ब्राउझरचं एक्सटेन्शनच, म्हंजे वरून जोडायचा तुकडा, करून टाकलं. ब्राउझर सगळ्याच कॉम्प्युटरवर असते, त्याले एक्सटेन्शन जोडायले पासवर्ड लागत नाही. पहिल्या बारीले तीन पायऱ्या होत्या. बाबू दुसरीवरच थांबला — ‘मेहबूबभाई, हे आपलं काम नाही बुवा.’ त्याचंही खरं हाय. मग पाच आठवडे बसलो, इंग्रजी माही अशी-तशी, शब्द शोधू-शोधू वाचलं — अन् एका बटनावर आणलं. जोडा, फाईल आत ओढा, वाजते. बस. बाहेर काही पाठवत नाही, काही साठवत नाही. उघडून पाहा न, एक-एक ओळ दिसते. तुमचं तं शिक्षण हाय — वाचा अन् व्हायरस दाखवा मले!

फायदा? माहा काय फायदा? पैसा? नाही हो. आज चार वाजता कमिटीची शेवटची बैठक, आज नाही वाजलं तं तक्रार बंद. तुमी हे आजच काऊन काढून राह्यले, ते मले समजते. अन् आवाज किती साफ हाय सांगू? मले तोंडपाठ हाय. ती विचारते, ‘मेहबूबभाऊ, माह्या वावरात विहीर नाही, हे पिकन ना?’ अन्—

काय पाहता असे? हाव. मेहबूबभाऊ म्हंजे मीच. जानरावच्या काउंटरवर तवा मीच होतो. पाकीट वाचलं होतं मी. ओलिताचं, साफ लिहिलं होतं. ‘बिनघोर पेरा बाई,’ म्हटलं. तिचा मोबाईल चालू हाय, हे माहीत नव्हतं. ऑगस्टमध्ये काम सोडलं अन् तिच्या घरी सांगायले गेलो, तं ती म्हणते — मले काय सांगता, मी तं रोज ऐकते तुमाले. मग? आवाज माहा हाय म्हणून वाजू नये? उलट, वाजलाच पाह्यजे!

थांबा, फोन. बोला बाबूसाहेब. वाजलं? पुरं वाजलं? … बरं. नाव शेख मेहबूब, हाव, तसंच लिहा.

घ्या साहेब तुमचा कागद. जाताना दार लोटून घ्या, मले लिहू द्या.

‘चार वाजून वीस मिनिटं. रेकॉर्डिंग चार मिनिटं अकरा सेकंद, पूर्ण वाजलं. जनकाबाईची तक्रार मान्य. नोटीस दोघांले — जानराव, दुकानमालक. शेख मेहबूब, विकणारा.’