कमी भाड्याची पोकलेन

रुद्रम्मा : सुतकात बाईला उंबऱ्याबाहेर काढलंस, गौरीशंकर. तिच्या नवऱ्याची राख अजून गार झाली न्हाय.

गौरीशंकर : तिच्याच भल्यासाठी आणलंय, आक्का. पोलिसांना संध्याकाळपर्यंत मशीनचे कागद पाहिजेत. लिंबाजीला दवाखान्यात नेलं, तिथंच त्यांनी माझा जबाब घेतला. पोकलेन उलटून ऑपरेटर गेला, एवढंच लिहिलंय. कुठली पोकलेन, ते अजून कोरं आहे.

रुद्रम्मा : मग दे की. ज्याची मशीन भाड्यानं आणलीस, त्याच्याकडनं कागद आण.

गौरीशंकर : त्याच्याकडं कागद असते तर मी इथं आलो असतो का? विमा कधीचा संपलाय.

रुद्रम्मा : म्हणून सस्ती मिळाली.

गौरीशंकर : बिनऑपरेटर, बिनडिझेल, महिन्याचं ठोक भाडं. तुमच्या निम्म्यात. येडशीच्या माळावर तळं खणायचं आणि तुमचा तासाचा रेट लावायचा, तर कंत्राटात उरणार काय? सगळे असंच करतात, आक्का.

रुद्रम्मा : माझ्या रेटात विमा होता. मशीन चालती ती चेन झिजली की नवी घालायची, ते होतं. आणि लिंबाजी होता. आठ वर्सं माझ्या मशीनवर बसला त्यो. तू मशीन तिकडनं घेतलीस आणि माणूस माझ्या दारातनं नेलास.

तारामती : तुमची मशीन दोन महिनं हुबीच हुती, आक्का. त्येनी तरी काय करावं?

रुद्रम्मा : तुला बोल न्हाय लावत, अव्वा. बस खाली. पाणी पी आधी.

गौरीशंकर : माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या मशीनचा विमा चालू आहे, ऑपरेटरसकट. जागेवर पोलीस अजून गेले नाहीत. ती पोकलेन मी दुसऱ्याच दिवशी उचलून परत पाठवली. माळावर तुमचीच मशीन होती, असं सांगायचं. लिंबाजी तुमचा ऑपरेटर, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. विम्याची रक्कम सगळी तारामतीला. मला त्यातलं काही नको.

रुद्रम्मा : आणि तू केसमधनं सुटलास.

गौरीशंकर : सुटलो तर सुटलो. मी आत गेल्यावर हिच्या पोरींना काय मिळणार आहे? विचारा तिलाच.

रुद्रम्मा : तारा, म्या कधी खोटी सही केली न्हाय. पण माझी मशीन ठाण्यात नेऊन गंजवली तरी चालंल. तू व्हय म्हण, म्या करते.

(तारामतीनं तांब्या तसाच खाली ठेवला. दारातून रुद्रम्माची पिवळी पोकलेन दिसत होती. केबिनच्या काचेमागं लिंबाजीचं जुनं उपरणं अजून टांगलेलं होतं. ती तिकडंच बघत राहिली.)

तारामती : शेट, एक इचारू? ह्या मशीनला काय झालं हुतं म्हणून सांगायचं?

गौरीशंकर : हिला? हिला काय होणार? ठणठणीत आहे.

तारामती : मग उलटली कशी म्हणायची?

गौरीशंकर : ते... उतारावर घातली, अंदाज चुकला, असं लिहितात.

तारामती : कुणाचा अंदाज?

गौरीशंकर : हे बघ, कागदावरचं कागदावर राहतं. गावात कोण वाचायला बसलंय?

तारामती : कुणाचा, शेट?

रुद्रम्मा : लिंबाजीचा. तसंच लिहावं लागंल, अव्वा.

तारामती : डावी चेन ढिली हाय, उताराला निसटती, आसं त्येनी तुमाला सांगितलं हुतं. भाकर ताटात ठिऊन माज्याम्होरं फोन केलता. तवा तुमी काय म्हणला?

गौरीशंकर : महिना भरत आला होता. काम थोडक्यात राहिलं होतं. मशीन बसवून ठेवली असती, तर पुढच्या महिन्याचं भाडं अंगावर आलं असतं.

तारामती : व्हय. फोन ठिऊन त्येबी तेच म्हणलं. शेट म्हणत्यात, दोन दिस कळ काढ.

गौरीशंकर : मी काय मुद्दाम केलं का? माझ्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून तर आलोय.

रुद्रम्मा : ती मशीन आता कुठाय?

गौरीशंकर : सांगितलं ना, गेली परत.

रुद्रम्मा : त्याच्या दारात उभी हाय?

गौरीशंकर : नाही. आळंदच्या बाजूला शेततळ्याच्या कामावर लागली.

तारामती : कवा?

गौरीशंकर : आज सकाळी.

रुद्रम्मा : दुरुस्त करून?

गौरीशंकर : एवढ्यात कुठली दुरुस्ती, आक्का? भाडं आणखी कमी केलंय त्यानं.

तारामती : कोण बसतंय तिच्यावर?

गौरीशंकर : मला काय माहीत? असेल कुणीतरी रोजंदारीवरचा.

तारामती : आक्का, सही नका करू.

रुद्रम्मा : नीट इचार कर, तारा. खरं सांगितलं तर कोर्टात वर्सं जातील. हातात काय पडंल, पडंल का न्हाय, कुणी सांगावं?

तारामती : केलाय इचार. तुमी कामाला ठिवा मला, न्हायतर म्या रानात जाईन खुरपायला.

गौरीशंकर : आक्का, ती रागात बोलतेय. तिला घरी नेऊन सोडतो, दुपारनंतर बोलू.

तारामती : राग न्हाय, शेट. जेवायची येळ झाली. आता त्यो माणूस मशीन बंद करून खाली उतरला आसंल. त्यो परत चढायच्या आत मशीनवाल्याला फोन लावा.