एका जोडीला एक टोकन

(धाडचा आठवडी बाजार, कलती दुपार. पोत्यावर मेथीच्या आणि कोथिंबिरीच्या, म्हणजे इकडच्या बोलीत सांबाराच्या, जुड्या. मागे छाया आणि शहरातून घरी आलेली तिची मुलगी प्रतीक्षा.)

छाया : म्हंजे मधातूनच उठून यायचं?

प्रतीक्षा : मधातून नाही, आई. तीन वर्षं झाली की बॅचलरची पदवी देतात. ज्याला पुढं शिकायचं तो आणखी दोन वर्षं थांबतो, त्याला मास्टरची पण मिळते. ज्याला नाही थांबायचं तो निघतो. नियमातच आहे तसं.

छाया : अन् मी तीन वर्सांपासून बाजारात सांगून राह्यली, पोरगी पाच वर्साचं शिकून राह्यली म्हणून.

प्रतीक्षा : कोण विचारतं तुला?

छाया : सगळेच इचारतात. डॉक्टर होऊन राह्यली का? नाही म्हनते. नर्स? नाही म्हनते. मंग काय तं, म्हनतात.

प्रतीक्षा : मग काय सांगते तू?

छाया : सांगते, डॉक्टर बिमारावर ध्यान ठेवते, माही पोरगी डॉक्टरावर ध्यान ठेवन.

प्रतीक्षा : आई! असं नसतं काही.

छाया : कसं असते मंग?

प्रतीक्षा : पेशंट आला की कुठं जायचं ते त्याला कळलं पाहिजे. खाट रिकामी पाहिजे. औषध संपायच्या आधी मागवलेलं पाहिजे. लॅबवाला, झाडूवाला, अँब्युलन्सवाला, सगळे ज्या त्या वेळेला जागेवर पाहिजेत. ते सगळं बसवायचं. हॉस्पिटल मॅनेजमेंट म्हणतात त्याला.

छाया : म्हंजे घरात मी करते तेच. फक्त तुले त्याची डिगरी भेटते. ...दहाले दोन, दादा. पान तं पाहा, सकाळीच काढला सांबार. ...हां, घ्या. ...मंग आता काऊन नको झालं?

प्रतीक्षा : नको म्हणजे... बुलढाण्याला एका लॅबमध्ये काउंटरवर मुलगी पाहिजे. घरून जाणं-येणं होईल. बाजाराच्या दिवशी तुझ्याजवळ बसता येईल. मला बरं वाटेल.

छाया : मला अन् तुला! घरच्यासंगबी शहराचं बोलून राह्यली. बाबाले सांगतलं?

प्रतीक्षा : बाबा म्हणाले, आईला विचार.

छाया : त्याईचं ते नेहमीचंच. कालेजात कवा सांगायचं?

प्रतीक्षा : उद्यापर्यंत.

छाया : अन् आज बोलून राह्यली! दवाखान्यातल्या ट्रेनिंगहून आली तवापासून पाह्यते मी. जेवतानी ध्यान नाही, फोन वाजला का दचकते. तिथं कोनी काही म्हनलं का तुले?

प्रतीक्षा : नाही गं.

छाया : जुडी सैल बांधून राह्यली तू. सातवीत असतानीबी कवा सैल नाही बांधली. ...या मावशी, या! लय दिसानं आल्या.

अन्नपूर्णाबाई : सांबार दे व छाया, दहाचा. अन् बसू दे जरा. पायाचे पार हाल झाले बाप्पा.

छाया : बसा ना. हे घ्या, पोतं घ्या खाली. ...अव मावशी, चपला कशा व ह्या? एकीले अंगठा हाय, एकीले नाही!

अन्नपूर्णाबाई : डावी माही. उजवी कोनाची तं त्या देवालेच ठाऊक. चालले का खटक-फटक, खटक-फटक. नातू मांगून हासते.

छाया : कुठी बदलली?

अन्नपूर्णाबाई : बुलढाण्याच्या दवाखान्यात. बुधवारी गेली होती गुडघ्यासाठी. पहाटची यष्टी धरली. खिडकी उघडते नऊले, तवर कोन उभं राह्यते? चप्पल रांगेत ठेवायची अन् लिंबाखाली बसायचं. कोनी चप्पल ठेवते, कोनी थैली. एक बुढा तं टोपीच ठेवते.

छाया : हाव, ठाऊक हाय मले.

अन्नपूर्णाबाई : तं आली एक पोरगी. एवढीशी. गळ्यात कारड, तोंडाले मास्क. झाडूवाल्याले म्हने, उचला ह्या सगळ्या. टोपल्यात भरल्या व आमच्या चपला! कांद्यावानी!

छाया : बाप्पा! बह्याड होती का काय ते?

प्रतीक्षा : आई, मी पाणी आणते.

छाया : पानी हाय इथं. बस. ...मंग व मावशी?

अन्नपूर्णाबाई : मंग भिंतीले सगळ्या जोडीनं लावल्या. काळीसंग काळी, लालसंग लाल. अन् एकेका जोडीवर एकेक टोकन ठेवलं. म्हने, आता रांग नाही, नंबर पुकारला का यायचं.

छाया : मंग बरंच केलं की.

अन्नपूर्णाबाई : काय बरं केलं! आर्ध्या लोकायले टोकनच नाही उरलं. आमची पुष्पाबाई मांगच्या जीपनं आली, तिले नाही. असा झगडा झाला का खिडकीच बंद केली. मोठी मॅडम आली वरतून, सगळ्यासमोर झापलं त्या पोरीले. घरी जाऊन रडली असन थे.

प्रतीक्षा : घरी नाही. बाथरूममध्ये.

अन्नपूर्णाबाई : तुले काय ठाऊक?

प्रतीक्षा : ती मीच होते, आजी.

अन्नपूर्णाबाई : आं?

प्रतीक्षा : मास्क होता म्हणून नाही ओळखलं तुम्ही.

छाया : माही पोरगी हाय मावशी. प्रतीक्षा.

अन्नपूर्णाबाई : अव माय! अन् मी कोनापाशी सांगून राह्यली!

छाया : तुम्ही कायले लाजता? बह्याड तं मी म्हनलं.

प्रतीक्षा : बरोबरच म्हटलं. मॅडम म्हणाल्या, तीन वर्षं शिकून रांगेतली माणसं मोजता येत नाहीत तुला? आजी, मी मोजली होती. दोनदा मोजली. जोड्या मोजल्या, तेवढीच टोकनं ठेवली. मग दुप्पट माणसं कुठून निघाली? रोज तेच डोक्यात येतं. ज्याला एवढंसं जमत नाही त्यानं दवाखाना काय चालवायचा?

अन्नपूर्णाबाई : थांब, थांब. तू काय मोजलं म्हनते?

प्रतीक्षा : जोड्या.

अन्नपूर्णाबाई : जोड्या काऊन मोजल्या व बाई? आम्ही जोडी कुठी ठेवतो!

प्रतीक्षा : म्हणजे?

अन्नपूर्णाबाई : एक चप्पल आपली, एक मांगून येनाऱ्याची. पयली चप्पल माही. तिच्या मांगं माहीच दुसरी चप्पल, थे पुष्पाबाईची जागा. थे घरचं आवरून जीपनं येते. पुढच्या खेपेले थे यष्टीनं जाते अन् माही जागा धरते. आमच्या साऱ्या गावाचं असंच हाय.

प्रतीक्षा : एका चपलेला एक माणूस?

अन्नपूर्णाबाई : मंग! दोन पायाले एक मानूस, थे घरी. रांगेत एका पायाले एक.

प्रतीक्षा : आणि मी एका जोडीला एक टोकन ठेवलं. वरतून काळी काळीशी मिळवली! दोन वेगळ्या बायांच्या...

छाया : हासून राह्यली का रडून राह्यली व तू?

प्रतीक्षा : आई, मोजणं चुकलं नव्हतं माझं. काय मोजायचं तेच ठाऊक नव्हतं मले!

अन्नपूर्णाबाई : इचारायचं ना मंग. लिंबाखालीच तं बसलो होतो आम्ही.

प्रतीक्षा : हो. तिथंच यायला पाहिजे होतं पहिले. पण आजी, तुम्हाला मिळालं होतं का टोकन?

अन्नपूर्णाबाई : भेटलं तं. आर्धं माहं होतं, आर्धं या उजव्या चपलीवालीचं. मी पयली पोचली.

छाया : अन् तरी भांडत होत्या?

अन्नपूर्णाबाई : सगळे ओरडून राह्यले, मी एकटी चूप बसू का? पन खरं सांगू का पोरी, मंग मी सावलीत बसली, पाय लांब करून. माह्या नंबराले हाक आली तवा उठली. गुडघ्याले लय बरं वाटलं त्या दिशी. लोकायसमोर नाही बोलली, एवढंच.

प्रतीक्षा : आता मी विचारू एक? पुष्पाबाई घरी भाकरी थापत असते, आणि तिचा नंबर खिडकीशी. जो माणूस एकटाच आला, गावाचं कोणी सोबत नाही, त्याचं काय होतं?

अन्नपूर्णाबाई : पाह्य व छाया, तुही पोरगी मलेच धरून राह्यली आता! ...त्याचं काय व्हनार? बसते मांगं.

छाया : हाव. मी बसली होती.

प्रतीक्षा : तू? कधी?

छाया : दिवाळीनंतर. खोकला जाऊन नव्हता राह्यला. मावशीच्या गावाची रीत मले काय ठाऊक? दोन्ही चपला जवळ जवळ ठेवल्या, चांगल्या जोडीनं. माह्याम्होरं तं माणसं वाढतच गेली. जीपची वेळ झाली, मंग घातल्या पायात अन् आली.

प्रतीक्षा : न दाखवता? मला फोनवर बोलली नाहीस काही.

छाया : गेला मंग खोकला. काय बोलायचं त्यात?

प्रतीक्षा : तुला एक टोकन मिळालं असतं, आई. बरोबर एक.

छाया : भेटलं असतं. तू नव्हती ना तवा तिथं.

अन्नपूर्णाबाई : दे व सांबार, जाते मी. यष्टी लागली असन. अन् पोरी, माही एक चप्पल तुह्याकडं हाय, ध्यानात ठेव.

प्रतीक्षा : शोधते आजी. जिच्याकडं गेली ती पण खटक-फटकच चालत असेल.

अन्नपूर्णाबाई : पुढच्या खेपेले उचलशीन तं उचल. पन आधी लिंबाखाली ये. चहा पाजतो तुले.

छाया : मावशी, ही जास्तीची जुडी घ्या. सैल बांधली हाय, पोरीनं. घरी जाऊन गाठ मारा.

अन्नपूर्णाबाई : चालते. येते व.

छाया : सांभाळून जा. ...तू काय पाह्यत बसली? बांध बाकीच्या.

प्रतीक्षा : आई, पुढच्या दोन वर्षांत हेच शिकवतात. आपल्याला पाहिजे तो दवाखाना निवडायचा, त्यातली एक गोष्ट घ्यायची आणि ती नीट बसवून दाखवायची. मी रांगच घेते. त्याच दवाखान्यातली. एकट्या आलेल्या माणसाची.

छाया : अन् ते लॅबचं काउंटर?

प्रतीक्षा : त्यांना दुसरी मुलगी मिळेल. मी उद्या सरांना सांगते, थांबते म्हणून.

छाया : उद्या काऊन? फोन हाय ना हातात.

प्रतीक्षा : आणि मॅडम परत ओरडल्या तर?

छाया : तं सांगजो त्याईले, लिंबाखाली चला म्हणा. ...मेथी पंधराले एक, ताई. हाव, कवळीच हाय. ...लाव ना फोन.

प्रतीक्षा : लावते. पण दोन वर्षं होतात ना गं. बाजाराच्या दिवशी इथं तुह्याजवळ कोण बसन?

छाया : तीन वर्सं कोन बसलं होतं?

प्रतीक्षा : माही एक चप्पल ठेवून जाऊ का?

छाया : ठेव. पाह्यते, कोन उचलते ते.